राक्षसिणीला शाळेचा नारळ

आमच्या शाळेत गुणवंत नाही असं एकही मूल नाही. होतं ते एकच, आणि ते आमच्या घरी राहायचं.

शाळेचं नाव मी सांगत नाही. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे आणि इमारत जव्हारच्या एसटी डेपोच्या मागे आहे, एवढं पुरे. फाटकावर कायम एक फ्लेक्स लावलेला असतो: ‘आमचे मानकरी’. दर महिन्याला नवा. राष्ट्रीय ऑनलाइन रंगभरण स्पर्धेत सुवर्ण, राज्यस्तरीय हस्ताक्षर स्पर्धेत रौप्य, आंतरराष्ट्रीय अबॅकसमध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’. हा चॅम्पियन आमच्याच गल्लीत राहतो. परवा त्याला विचारलं, घरी माणसं किती रे तुम्ही, तर आत जाऊन आईला विचारून आला. असो. या स्पर्धांची रीत मी बाहेर उभी राहून नीट पाहिलेली आहे. मुलानं भाग घेतला की तिसरा नंबर. आई दिवसभर मैदानावर हजर राहिली की दुसरा. आणि आई वर्गाच्या बाईंच्या भिशीत असेल तर पहिला. मी बी.एस्सी. झालेली आहे, मला कारण आणि परिणाम यांतला संबंध कळतो. पण मी भिशीत नाही.

आमची चंदा तिसरीत. वर्गात तीन आराध्या, दोन स्वरा, आणि ही एकटी चंदा. नाव तिच्या आजीच्या हट्टाचं. दोन वर्षं ती स्नेहसंमेलनात झाड होती. पहिल्या वर्षी नुसतं झाड. दुसऱ्या वर्षी बढती मिळून आंब्याचं झाड. तोंडाला चॉकलेटी रंग, डोक्यावर फांद्या, आणि बाईंची सक्त ताकीद, हलायचं नाही. पुढे तीन आराध्या पऱ्या होऊन बागडत होत्या आणि माझी लेक नाकावर बसलेल्या माशीकडे डोळे तिरके करून बघत होती. मी दुसऱ्या रांगेतून ती माशी हाकलायचा प्रयत्न केला, तर मागच्या बाईंनी व्हिडिओत माझा हात येतो म्हणून मला खाली बसवलं.

संमेलनानंतर फ्लेक्स लागला. पऱ्या होत्या, ढग होते, एक बेडूकसुद्धा होता. चंदा रोज सकाळी फाटकाशी थांबायची, मान वर करून ओळीनं सगळे चेहरे बघायची आणि आत जायची. एक दिवस तिनं विचारलं, “आई, माझा फोटो कधी लागेल?”

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “चंदाची मम्मी, झाडांचे फोटो लावत नाही आपण. लिमिटेड जागा असते.”

इतकं सगळं घडलं ते या एका वाक्यामुळे, हे मी आधीच सांगून ठेवते. नंतर मला जो लेखी खुलासा द्यावा लागला, त्यातही मी हेच लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं.

या वर्षी जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांच्या शाळांची समूहनृत्य स्पर्धा आमच्या शाळेच्या मैदानावर भरायची ठरली. विषय, ‘स्थानिक लोककला’. लोककला स्थानिक म्हटल्यावर ती शिकवायला माणूस ठाण्याहून आणावा लागणार, हे ओघानं आलं. धर्मेंद्र सर आले. डोळ्यांवर काळा चष्मा, तो वर्गातही. आल्या आल्या ते दाभोसाच्या धबधब्यावर जाऊन रील काढून आले आणि मग त्यांनी पालकसभेत जाहीर केलं, “तारपा नाच सगळेच करतात. आपण बोहाडा करू. बोहाडा फ्यूजन!”

आता या भागात बोहाडा कोणाला समजावून सांगायचा? देवांची, राक्षसांची मोठाली सोंगं, त्यामागे सांबळ, टेंभे, गावच्या गाव जागं. मी साखरशेतची. माझं सगळं लहानपण त्या सोंगांना घाबरून आईच्या पदराखाली गेलं. पण धर्मेंद्र सरांनी तासभर समजावून सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण त्यांच्याकडे लॅपटॉप होता.

मग देवांचं वाटप झालं. जगदंबा ही संस्थेच्या अध्यक्षांची नात. यावर चर्चा झाली नाही. गणपती बँकेच्या मॅनेजरांकडे गेला, शारदा डॉक्टरांकडे. ज्यांचे वडील नुसतेच नोकरीत, त्यांची मुलं ऋषी. शेवटी उरली राक्षसीण. जगदंबेनं सहाव्या मिनिटाला तिचा वध करायचा आणि नाच संपवायचा. सगळ्या आया आपापल्या मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागल्या. प्रिन्सिपल सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. “चंदा आहे ना!” ते म्हणाले, जणू शाळेनं चंदा याच दिवसासाठी राखून ठेवली होती.

मी घरी येऊन भांडी आदळली. उमेश, म्हणजे चंदाचे वडील, कचेरीत कारकून आहेत. कुठलीही फाइल अंगावर येऊ द्यायची नाही, ही त्यांची घरातलीही पद्धत.

“अहो, आपली मुलगी राक्षसीण!”

“बरंच झालं की. झाडाला हलायला बंदी होती. राक्षसिणीला नाचायला तरी मिळेल.”

आणि चंदा? चंदा गादीवर उड्या मारत होती. “आई, राक्षसिणीचा फोटो लावतात ना?”

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंकडून खात्री करून घेतली. बाई म्हणाल्या, मुख्य पात्रांचे लावतात, राक्षसीण मुख्य आहे. मी म्हटलं, नक्की? त्या म्हणाल्या, नक्की. मी फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा विचारलं. माझा स्वभावच तसा. गॅस बंद आहे का ते मी तीनदा बघते, शाळेवर एकदाच कसा विश्वास ठेवू?

मुखवटे ऑनलाइन मागवले होते. ते आले तेव्हा नरसिंह हा एका हसऱ्या कार्टूनमधला सिंह निघाला आणि गणपतीबरोबर वाढदिवसाच्या टोप्या फुकट आल्या. राक्षसीण आलीच नाही, कंपनीकडे स्टॉक नव्हता. लगेच पालकांच्या ग्रुपवर सूचना: ‘राक्षसिणीच्या मुखवट्याची व्यवस्था संबंधित पालकांनी स्वतः करावी.’ खाली एकोणीस अंगठे. संबंधित पालक मी एकटीच होते, अंगठे बाकीच्यांचे.

मी म्हटलं, करू. कागदाचा लगदा, कणकेची खळ, त्यात काय आहे? शेजारची राबिया भाभी मदतीला आली. तिचे मियाँ अन्वरभाई कपडे शिवतात, राक्षसिणीचा घागराही तेच शिवणार होते. भाभीचं म्हणणं, फुग्यावर लगदा लावायचा. मी यूट्यूबवर पाहिलं होतं, बादली पालथी घालून तिच्यावर लावायचा. समोरच्या पुष्पलताबाई निवृत्त शिक्षिका, त्यांनी गॅलरीतूनच सांगितलं की लगद्यात मेथी वाटून घाला, कीड लागत नाही. मी तिघींचंही ऐकलं, आणि तिथेच चुकलं. फुग्यावरचा मुखवटा वाळताना फुगा बसला आणि राक्षसिणीचे दोन्ही गाल आत गेले. भाभी बराच वेळ निरखून म्हणाली, “ताई, ये राक्षसीण नहीं है. ये तो हमारे भिवंडीवाले फूफा हैं. बुखार के बाद के.” बादलीवरचा वाळला, उत्तम वाळला, आणि बादलीवरून निघेना. आम्ही आठवडाभर त्या बादलीनं आंघोळ केली. आत पाणी, बाहेर दोन सुळे. तिसरा गच्चीवर ठेवला होता, त्यात मेथी होती आणि खळही होती. तो गल्लीतल्या कुत्र्यानं नाकापासून सुरुवात करून हनुवटीपर्यंत खाल्ला. कीड मात्र लागली नाही.

तेव्हा मला जिव्याकाका आठवला.

जिव्याकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. साखरशेतला आमच्या घराकडे बोहाड्यातल्या राक्षसिणीच्या सोंगाचा मान आहे, पिढ्यान्‌पिढ्या. माळ्यावर पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेली असते. बटबटीत डोळे, सुळे, जीभ बाहेर. पण तिला घरात राक्षसीण म्हणायची कोणाची छाती नाही. तिला म्हणायचं मोठी बाय. आजारीबिजारी कोणी पडलं की माळ्याकडे बघून हात जोडायचे. मी बी.एस्सी.च्या परीक्षेलासुद्धा जोडून गेले होते. फिजिक्स सुटलं.

जीपनं साखरशेतला गेले. काका ओटीवर नागली पाखडणाऱ्या काकूला सूचना देत बसला होता.

“आली का कमू? आथां आठवला काका?”

मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, “काका, मुखवटा दे दोन दिवस.”

काकानं तोंड असं केलं की जणू मी त्याचंच डोकं दोन दिवस मागितलं. “मुखवटा कुणाला म्हनतेस? आनि मोठी बाय काय पायली हाय, देऊन घ्यायला? तिला देत नाय. ती जाते. कुनी बोलवलं तं जाते. नारळ घेऊन यावा लागतो यजमानानं. तुज्या शाळेचा नारळ कुठं हाय?”

“अरे, शाळा नारळ देत नाही काका. शाळा पत्रिका देते.”

“पत्रिकेला मी काय करू? पत्रिका फुटते का?”

धोंडीकाकू सुपातून मान वर न करता म्हणाली, “पुसाच्या महिन्यात कुठं सोंग उठवतात? पर पोरीनं येवढं सांगितलं तं जा की. तुला तं मिरवायलाच पायजे.”

काकाला मिरवायला पाहिजे होतं हे खरं, पण रीतीनं. मी जव्हारला परत आले आणि प्रिन्सिपल सरांना गाठलं. म्हटलं, सर, एक नारळ आणि दोन शब्द, साखरशेतला जाऊन यायचं आहे. सर त्या वेळी प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीला टर्किश टॉवेल कोणत्या रंगाचा, या विचारात होते. “मॅडम, निमंत्रणं छापून संपली. आणि मुखवट्याला निमंत्रण? हे कोणत्या नियमात बसतं?” मी म्हटलं, राहू द्या.

परतताना मी गांधी चौकातून एक नारळ घेतला, पुन्हा जीपमध्ये बसले आणि काकाच्या हातात तो ठेवून शांतपणे म्हटलं, “शाळेनं पाठवलाय.”

एका नारळानं काय होतं, असं मला वाटलं. माझं माहेर साखरशेत, माझं शिक्षण विज्ञानाचं, आणि तरी मला असं वाटलं. नारळ घेतला म्हणजे शाळा यजमान झाली. यजमान झाली म्हणजे मोठी बाय पाहुणी झाली. आणि पाहुणी एकटी येत नाही. तिच्याबरोबर सांबळवाले येतात, ओवाळणाऱ्या बाया येतात, मान असलेली चार घरं येतात. एकदा उठली की जमलेले सगळे पाया पडेपर्यंत ती बसत नाही, आणि यजमानानं निरोपाचा नारळ दिल्याशिवाय खाली उतरत नाही. हे सगळं मला शेंबडी असल्यापासून ठाऊक होतं. फक्त मी शाळेच्या डोक्यानं विचार करत होते. शाळेत एकदा ‘हो’ म्हटलं की काम संपतं.

स्पर्धेच्या सकाळी फाटकाशी एक जीप थांबली. मग दुसरी. मग एक टेम्पो. काका नव्या टोपीत पुढे उतरला, हातात फडक्यात बांधलेली मोठी बाय. मागे सांबळ, पिपाणी, आरतीची ताटं, धोंडीकाकू, आणि अर्धं साखरशेत.

प्रिन्सिपल सर धावत आले. “हे कोण?”

“चंदाचे नातेवाईक, सर.”

“सगळे?”

“जवळचेच आहेत.”

काका सरांना नमस्कार करून म्हणाला, “नारळ पावला.” सरांना वाटलं म्हातारा काहीतरी आशीर्वाद देतोय. त्यांनी “थँक यू, थँक यू” म्हटलं आणि पाहुण्यांची गाडी आली म्हणून पळाले. अशा रीतीनं शाळेनं सगळ्यांसमक्ष यजमानपण कबूल केलं. याला साक्षीदार आहेत.

पुढच्या रांगेत खुर्च्यांवर चिठ्ठ्या होत्या. काकानं ‘मा. परीक्षक’ लिहिलेली खुर्ची निवडली, कारण तिच्यावर टॉवेल होता.

चंदाला सजवायला घेतलं तेव्हा काकाला कळलं की नाचायचं त्याला नाही. “मंग मी कशाला आलो?” तो रुसून उभा राहिला. काकू म्हणाली, “तुजे गुडघे उठताना वरडतात, सगळ्या मैदानाला ऐकू जातील. पोरीला नाचू दे गप.” राबिया भाभीनं आपली ओढणी काढून चंदाच्या डोक्याभोवती गुंडाळून चुंबळ केली, काकूनं त्यावर मोठी बाय चढवली, काकानं रुसलेल्याच तोंडानं दोर आवळले. तोंड चंदाच्या तोंडापेक्षा तिप्पट मोठं. खाली अन्वरभाईंचा लाल घागरा, त्याखाली दोन बारीक पाय.

“दिसतंय का गं?” मी विचारलं.

आतून घुमल्यासारखा आवाज आला. “आई, फोटोवाला कुठे उभा आहे ते सांग.”

नियम कडक होते. प्रत्येक शाळेला सहा मिनिटं, मग घंटा, घंटेनंतर प्रत्येक मिनिटाला गुण वजा. वेगळे दहा गुण शिस्तीला. आमचं गाणं सुरू झालं. म्हणजे डीजेचं ढाकचिक, मध्येच एका इंग्रजी बाईचा आलाप. वाढदिवसाची टोपी नसलेला गणपती येऊन गेला. नरसिंह हसत हसत आला. मैदानावर दोन्ही तालुक्यांच्या पाड्यांतले आईबाप मुलांसाठी आले होते, ते हे सगळं दुसऱ्या कोणाच्या लग्नात बसावं तसं सभ्यपणे बघत होते. काही जण शेंगा खात होते.

मग राक्षसीण आली, आणि विंगेतून आमच्या लोकांनी सांबळावर टिपरी टाकली.

आधी शेंगा थांबल्या. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला. मग सगळी रांग. चपला निघाल्याचा आवाज असतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, एकदम शंभर-दीडशे चपला. “मोठी बाय! मोठी बाय उठली!” सगळं मैदान हात जोडून उभं. प्रमुख पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं, त्यांना वाटलं राष्ट्रगीत लागलं. ते ताडकन उठून सावधान उभे राहिले. पाहुणे उठले म्हणून अध्यक्ष उठले, अध्यक्ष उठले म्हणून परीक्षक उठले. प्रिन्सिपल सर तर बसलेलेच नव्हते, तरी ते आणखी थोडे उभे राहिले. डीजेवाल्यानं घाबरून मशीन बंद केलं. उरला नुसता सांबळ.

आणि चंदा नाचली. धर्मेंद्र सरांच्या स्टेप्स ती केव्हाच विसरली होती. ती नाचत होती ते तिनं दर वर्षी आजोळच्या बोहाड्यात, माझ्या खांद्यावरून बघितलं होतं ते. दोन पावलं पुढे, एक गिरकी, मान डावीकडून उजवीकडे. दोन वर्षं न हललेलं झाड होतं ते. कुठे साठवलं होतं कोण जाणे.

मग बाया आरत्या घेऊन स्टेजवर चढल्या. आधी साखरशेतच्या, मग मोखाड्याकडच्या, मग ज्या कोणी होत्या त्या. रांग लागली. घंटा वाजली. परीक्षकबाईंनी पुन्हा वाजवली. ओवाळताना घंटा हवीच, त्यामुळे सगळ्यांना ती योग्य वेळी वाजली असंच वाटलं.

इतका वेळ जगदंबा त्रिशूळ रोखून कोपऱ्यात उभी होती. ती पुढे सरसावली, तशी धोंडीकाकूनं तिला हातानं अडवलं. “थांब गं बाय. आथां नाय मारायची. लोकांच्या पाया पडून होऊ दे.”

“पण माझी लास्ट स्टेप आहे!” जगदंबा रडायला लागली. “मम्मी, ती मरतच नाही!”

तिची मम्मी, म्हणजे अध्यक्षांची सून, स्टेजच्या चौथ्या पायरीवरून ओरडत होती, “स्टॅब हर, बेटा! स्टॅब!” पण आजूबाजूच्या बायांनी तिच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ती चपला काढून खाली बसली. तेवढ्यात राक्षसिणीनं रडणाऱ्या जगदंबेचा हात धरला, त्रिशूळ खाली ठेवायला लावला आणि तिला आपल्याबरोबर गिरकीत घेतलं. राबिया भाभी माझ्या कानाशी म्हणाली, “ताई, अब तो फूफाजी भी होते तो नाचते.” आणि खरोखरच मोखाड्याच्या आश्रमशाळेतली पोरं, ज्यांचा नाच अजून व्हायचा होता, ती स्टेजवर चढून फेरात सामील झाली. दोन शाळांचे संघ, नऊ देव, एक राक्षसीण. गुण कोणाला द्यायचे हे कळेना म्हणून परीक्षकांनी पेनांना टोपणं लावली.

माझं लक्ष मात्र एकाच ठिकाणी होतं. फोटोवाला. तो हात जोडून उभा होता, कॅमेरा गळ्यात! मी खुर्च्यांमधून वाट काढत गेले आणि त्याला ढोसलं. “अहो, फोटो काढा!” तो म्हणाला, “पाया पडून काढतो ना ताई.”

शेवटी सगळ्यांचं पाया पडून झालं. सर पुढे आले. “छान, छान. आता उतरवा.”

काका टॉवेलाच्या खुर्चीवरून उठला. हा त्याचा क्षण होता. माइक त्यानं आधीच हातात घेतलेला होता. “यजमानांनी नारळ द्यायचा. मंग उतरंल.”

“यजमान कोण?”

“शाळा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणपतीच्या मुखवट्याकडे पाहिलं. शाळेत नारळ एकच होता, प्रमुख पाहुण्यांच्या सत्काराचा, चांदीच्या कागदात गुंडाळलेला. सर म्हणाले, “तो पाहुण्यांचा आहे.” काका माइकवरून म्हणाला, “पाहुणी हीच.” मैदानातून होकार आला. सरांनी बूट काढले, एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि दोन्ही हातांनी तो नारळ राक्षसिणीसमोर धरला. तिनं मान डावीकडून उजवीकडे केली. मोबाइल वर झाले. फोटोवाल्यालाही तेव्हाच जाग आली. पाहुण्यांचा सत्कार नंतर नुसत्या शालीवर झाला.

निकाल सांगायला नकोच. आमची शाळा अपात्र. वेळेचं उल्लंघन, शिस्तीत शून्य, आणि ‘वध अपूर्ण’ असा शेरा. पहिलं बक्षीस एका शाळेला मिळालं जिची मुलं बरोब्बर सहा मिनिटांत नाचून गेली होती आणि जिचा नाच कोणाला आठवत नव्हता. मला ऑफिसात बोलावणं आलं. अध्यक्ष, सर, धर्मेंद्र सर, तिघं ओळीनं. मी शाळेच्या नावानं परस्पर नारळ दिला, हा गैरप्रकार. लेखी खुलासा द्या. पुढच्या वर्षी चंदाला कार्यक्रमात घ्यायचं की नाही याचा विचार करावा लागेल.

चंदा माझा हात धरून उभी होती. कपाळावर दोराचा वळ. तिनं सरांना फक्त एवढंच विचारलं, “सर, माझा फोटो लागेल ना?”

“अपात्र संघाचे फोटो लावत नाहीत बेटा,” सर म्हणाले.

आम्ही घरी आलो. उमेशनी तिला केळं दिलं, तिनं ते तसंच हातात धरून ठेवलं. मी भांडी आदळायलाही विसरले.

पण प्रमुख पाहुण्यांनी रात्रीतून आपले फोटो टाकले होते. स्वतः सावधान, मागे मोठी बाय. खाली लिहिलेलं, ‘परंपरा जपणाऱ्या शाळेत एक धन्य क्षण.’ सकाळपर्यंत त्याखाली इतके हात जुळले की अध्यक्षांना आपल्याला परंपरा जपायची किती हौस होती ते आठवलं. दोन दिवसांत फाटकावर नवा फ्लेक्स. आतापर्यंतचा सर्वांत मोठा. मधोमध मोठी बाय, बाजूला नारळ घेतलेले सर, मोजा कापून टाकलेला. वर अक्षरं, ‘आमच्या शाळेचा अभिनव उपक्रम. मार्गदर्शक: प्रिन्सिपल सर. संकल्पना: धर्मेंद्र सर.’ चंदाचं नाव कुठेही नव्हतं. आणि चेहरा तर आत होता.

मी पदर खोचून भांडायला निघाले. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, चांगली तीन परिच्छेदांची तयारी होती. फाटकाशी पोहोचले तर दाभोसाच्या जीपमधून उतरलेली एक म्हातारी चप्पल काढून फ्लेक्ससमोर उभी. तिनं कमरेला खोचलेलं झेंडूचं फूल काढून खाली ठेवलं, हात जोडले आणि बाजाराला गेली. तिच्यामागे दुसरी. डेपोत उतरणारी, बाजाराला जाणारी, प्रत्येक बाई क्षणभर थांबून पुढे. मी तीनही परिच्छेद गिळले आणि घरी आले.

महिना उलटला. अबॅकसचे नवे चॅम्पियन तयार झाले, त्यांचा फ्लेक्स छापून आला. जुना उतरवायला माणूस शिडी लावून पक्कड घेऊन चढला. खाली बाजारच्या बाया जमल्या. “कोन उतरवतो? नारळ कुनी दिला उतरवायचा?” माणूस तिथूनच म्हणाला, “सरांना विचारा,” आणि खाली आला. सर बाहेर आले, बायांकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, आणि म्हणाले, “राहू दे. चॅम्पियन तिकडे लावा.” चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स आता मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर आहेत. त्यांच्या आयांनी ग्रुपवर निषेध नोंदवला. एकोणीस अंगठे आले. त्यातला एक माझा.

चंदा हल्ली शाळेला लवकर निघते. मला संशय आला म्हणून मी एकदा मागून गेले. ती फ्लेक्सच्या बरोबर खाली, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून, ताठ उभी होती. सरांची स्कूटर आली. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली, उजवा पाय बुटातून अर्धा काढला आणि पटकन हात जोडले.

चंदानं मान डावीकडून उजवीकडे केली आणि वर्गात गेली.